डोळ्यांखालचं काळं पुसण्याचा धंदा

निम्म्या शहादा तालुक्याची डोळ्यांखालची जागा मला तोंडपाठ आहे. ही फुशारकी नाही, माझा धंदाच तो आहे. एसटी स्टँडच्या बाजूला माझा फोटो स्टुडिओ आहे आणि गेली पंचवीस वर्षं माणूस समोरच्या स्टुलावर बसला की माझी नजर आधी त्याच्या खालच्या पापणीपाशी जाते. नाक बसकं असलं तर लोक चालवून घेतात. दात पुढे असले तर तोंड मिटून बसतात. डोळ्यांखालचं काळं मात्र कुणालाच नको असतं. लग्नाच्या बायोडाट्याचा फोटो असो की नोकरीच्या अर्जाचा, हातात पडला की बोट नेमकं तिथं जातं. "भाऊ, हाई जरा काढी टाका ना." आणि मी काढून टाकतो.

हे काम मला नंदुरबारच्या एका उस्तादांनी शिकवलं. मी तापीकाठच्या प्रकाशा गावचा, शेतकरी घरातला. पण केळीच्या बागेत माझं मन कधी रमलं नाही, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला आणि मला नंदुरबारला धाडून दिलं. उस्तादांच्या घरात त्यांच्या वडिलांपासून फोटोचं काम चालत आलेलं. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून चेहरा नीट करायचा तो जमाना होता. उस्ताद श्वास रोखून एकेक रेघ मारायचे आणि माझी रेघ चुकली की डोक्यात टपली मारायचे. त्यांचा नियम एकच होता. "पहले बत्ती देख, बाद में पेन्सिल उठा."

त्याचा अर्थ मला टपल्या खाऊन कळला. डोळ्यांखाली दिसणारं सगळंच काळं कातडीत नसतं. खोल डोळ्यांचा माणूस डोक्यावरच्या दिव्याखाली बसला की भुवईची सावली खाली उतरते आणि बिचारा आठ दिवस उपाशी असल्यासारखा दिसतो. बत्ती समोर आणली, जराशी खाली घेतली की ते काळं पळून जातं. नाही पळालं तर मग ते खरं. बोटानं कातडी हळूच ताणून बघायची. तपकिरी रंग तसाच राहिला तर तो बहुतेक आईबापांकडून आलेला असतो, नाहीतर उन्हानं बसलेला. निळसर झाक असली तर तिथली कातडी पातळ आहे आणि आतल्या शिरा दिसताहेत असं समजायचं. चार दिवस झोप झाली नाही की ही झाक हटकून वाढते.

आणि एक प्रकार आमच्या जिल्ह्याचा खास. नंदुरबारला मोकळ्या मैदानात लालभडक मिरची वाळत घालतात, त्याला पथारी म्हणतात. तिथं काम करणाऱ्या बायका आमच्याकडे फोटोला यायच्या. दिवसभर मिरचीचे देठ खुडायचे, तिखट धूळ डोळ्यांत जायची, आणि डोळे चुरचुरले की पदरानं खसाखसा चोळायचे. चोळून चोळून खालची कातडी काळवंडून जाड झालेली असायची. उस्ताद फोटो काढायच्या आधी त्यांच्यावर खेकसायचे, की चोळू नका, आधी हात धुवा, मग डोळ्यांवर गार पाणी मारा. एक बाई दोन महिन्यांनी मुद्दाम तोंड दाखवायला आली होती. काळं अर्ध्यावर आलं होतं. त्या दिवशी उस्तादांनी मला चहा पाजला, टपली मारली नाही.

ही विद्या घेऊन मी शहाद्याला आलो आणि पुढं माझं डोकं थोडं वर चढलं, हे कबूल करतो. लोक डॉक्टरांच्या आधी मला विचारायला लागले. विसरवाडीची एक नवरी मुलगी आली, तिनं डोळ्यांखाली लिंबू आणि टूथपेस्ट एकत्र करून लावलं होतं. कातडी सोलून निघालेली. मी तिच्या आईला तिथंच झापलं. म्हटलं, ही कातडी म्हणजे कांद्याचं आतलं पातळ साल, तिच्यावर लिंबू कुणी चोळतं का? दुसरी एक मुलगी गोरं करणारी कसलीशी क्रीम लावून आली होती. तिला म्हटलं, डबी फेकून दे आणि चामडीच्या डॉक्टरांकडे जा. झोप घ्या, उन्हात जाताना तोंडाला रुमाल बांधा, काजळ पुसून झोपा, डोळे चोळू नका. एवढं मी फुकट सांगायचो आणि बरोबरच सांगायचो. त्यात आजही चूक नाही.

चूक दुसरीकडे होत होती. पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला, आणि अर्ध्या तासाचं काम पाच सेकंदांवर आलं. फोटो उघडला की माझा हात आपोआप चालतो. डोळ्यांखालून ब्रशचे दोन फटकारे, ओठांना किंचित लाली, गालांना जरा उजेड. हे करताना मी गिऱ्हाईकाशी पावसापाण्याच्या गप्पा मारतो. कुणाचा चेहरा आहे याकडेही लक्ष नसतं.

दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी एकोणीस वर्षांची होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्या भागात सकाळी कुठल्याही रस्त्याला जा, दहावीस पोरंपोरी पळताना दिसतील. त्यातलीच ती एक. शहाद्याच्या एका मैदानावर फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार मुलींना शिकवायचे. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. ती मैदानावर सगळ्यांत पुढे असायची आणि मी ते गिऱ्हाईकांना न विचारता सांगायचो. आमच्या घरात सरकारी वर्दी कुणाच्या अंगावर चढली नव्हती. ती चढवणार याची तिला खात्री होती आणि तिच्यापेक्षा मला जास्त.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. सुरुवातीला निळसर, मग चांगलं ठसठशीत. घरात जो तो डॉक्टर झाला. माझी आई म्हणाली, "नजर लागनी पोरले. इतलं पयस, लोके देखतस." बायको म्हणाली, परीक्षेचं टेन्शन आहे. मी हात वर करून दोघींना गप्प केलं. हा माझा प्रांत होता. पोरीला उजेडात उभं केलं, हनुवटी वर करायला लावली, बोटानं कातडी ताणली आणि निकाल दिला, "मोबाईलनं कारस्तान शे बठ्ठं." निळसर झाक म्हणजे झोप कमी, झोप कमी म्हणजे मोबाईल. हिशेब सोपा होता. ती म्हणाली, "पप्पा, मी नऊ वाजता झोपस." मी म्हटलं, झोपतेस की पांघरुणात स्क्रीन बघतेस ते मला माहीत आहे. मोबाईल काढून घेतला आणि दुकानाच्या खणात टाकून कुलूप लावलं.

भरतीच्या मुलांना फोटो सारखे लागतात. आज पोलीस, उद्या वनरक्षक, परवा कॉलेजचा फॉर्म. ती मैदानावरून थेट स्टुडिओत यायची, तोंड धुवायची आणि स्टुलावर बसायची. माझा हात ठरल्याप्रमाणे चालायचा. दोन फटकारे, ओठांना लाली, गालांना उजेड. फोटो असा झकास यायचा की ती स्वतःच मैत्रिणींना दाखवायची.

मात्र दर वेळी मला एका गोष्टीचा वैताग येत होता. तिचा फोटो मुळातच फिका येत होता, पांढुरका, मेणबत्तीसारखा. दर खेपेला लाली जास्त टाकावी लागत होती. मी म्हटलं, कॅमेरा गेला. रंग ओळखायची कॅमेऱ्याची जी अक्कल असते, व्हाइट बॅलन्स म्हणतात तिला, ती बिघडली असणार. मग मी कामाला लागलो. फ्लॅशचा दिवा बदलला. मागचा निळा पडदा काढून पांढरा लावला, मग पांढरा काढून करडा लावला. प्रिंटरची शाई बदलली. भिंतीला हिरवा रंग होता, त्याची झाक पडते म्हणून भिंतसुद्धा रंगवून घेतली. बायको रंगाची बादली पाहून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

इतर गिऱ्हाइकांचे रंग ठीक येत होते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. ही सकाळी लवकर येते, तेव्हा व्होल्टेज कमी असतं. माणसाला एकदा आपण हुशार आहोत असं वाटलं की त्याला उत्तरं कमी पडत नाहीत.

होळी झाली आणि भरतीच्या मैदानी चाचणीची, म्हणजे ग्राउंडची, तारीख आली. तिच्या पळण्याची वेळ मात्र वाढत चालली होती. एका सकाळी मी मोटारसायकल घेऊन मैदानावर गेलो. दुसऱ्या चकरेच्या वळणावर ती एकदम खाली बसली, गुडघ्यांत डोकं घालून. सुभेदार माझ्याजवळ आले. म्हणाले, "भाऊ, पोरना पायमा जोर शे. दमच पुरत नही." मी त्यांचं ऐकून घेतलं नाही. तरातरा वळणावर गेलो आणि सगळ्या मुलींच्या देखत ओरडलो, "नाटकं बंद कर! मोबाईल देखाले बरी ताकद येस तुन्हामा, पयाले नही?" मोबाईल तीन महिने माझ्याच खणात होता. तेवढंही मला आठवलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ती उठली, एक हात कमरेवर ठेवून उरलेली चक्कर चालत पूर्ण केली आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन ओकली. चक्कर तिनं सोडली नाही याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. ते आठवलं की आता स्वतःचीच लाज वाटते.

त्याच आठवड्यात मी कॅमेरा घेऊन नंदुरबारला उस्तादांकडे गेलो. ते आता पंचाहत्तरीच्या पुढचे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी दुकानाच्या ओट्यावर रोज बसतात. मी सगळी रामकहाणी सांगितली. फ्लॅश, पडदा, शाई, भिंत, व्होल्टेज. त्यांनी कॅमेरा हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, ब्रश न मारलेले फोटो दाखव. मूळ फोटो कधी फेकायचा नाही ही त्यांचीच शिकवण, म्हणून ते माझ्या लॅपटॉपमध्ये होते. त्यांनी तिचे सहा फोटो तारखेप्रमाणे ओळीनं लावायला सांगितले. मग त्यांचं लक्ष शेजारच्या फोटोंकडे गेलं. मी दरवर्षी सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला जातो. त्या वर्षी पहाटेच्या उजेडात नाचणाऱ्यांचे दोनेकशे फोटो काढले होते, मोरपिसांचे टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरं.

"ये होली के फोटो इसीच कॅमेरे के?"

मी हो म्हटलं. पोरीचा शेवटचा फोटो होळीच्याच आठवड्यातला होता.

"इनके रंग सई हैं. बाकी गिराईक के भी सई आते. फिर तेरी बच्ची के चेहरे पेच कॅमेरा कायको बिगडेगा?"

मी व्होल्टेजचं पुन्हा सुरू केलं. टपली मारायच्या आधी ते जसे बघायचे तसे बघू लागले. मग स्क्रीनवर बोट ठेवून पहिल्या फोटोतल्या ओठांपासून सहाव्यापर्यंत सरकवत नेलं. पहिले ओठ जांभळट लाल होते. सहावे जवळपास गालांच्याच रंगाचे. डोळ्यांखालचं काळं वाढलं होतं हे खरं, पण त्याहून जास्त म्हणजे आजूबाजूच्या चेहऱ्याचा रंग उडून गेला होता, म्हणून ते काळं उठून दिसत होतं. हे सहाही फोटो मीच काढले होते. प्रत्येकावर मीच बसून ब्रश फिरवला होता.

"बत्ती देखी तूने, पडदा देखा, भिंत देखी," उस्ताद म्हणाले. "बच्ची को देखा क्या? कॅमेरा यहीं छोड और उसको दवाखाने ले जा."

पंचवीस वर्षांनंतर त्यांची टपली लागली असती तर बरं वाटलं असतं. नंदुरबारहून घरी येईपर्यंत नको नको ते रोग डोक्यात येत होते.

दुसऱ्या दिवशी मी, बायको आणि पोरगी शहाद्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तपासायला एक तरुण डॉक्टरबाई होत्या. मी खुर्चीत बसल्या बसल्या माझं ज्ञान सुरू केलं, की निळसर झाक आहे, ताणून पाहिलं, बत्ती बदलून पाहिली. बाईंनी ऐकून घेतलं. पण पोरीच्या डोळ्यांखालच्या काळ्याकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. अंगठ्यानं तिची खालची पापणी खाली ओढली आणि आतली बाजू बघितली.

"इकडे या," त्या मला म्हणाल्या. "हे बघा."

आतून पापणी लालसर हवी. ती कागदासारखी पांढरी होती. मग त्यांनी माझ्या बायकोची पापणी ओढून दाखवली, ती लाल होती, म्हणजे फरक मला कळावा. मी पंचवीस वर्षं पापणीच्या खाली बघत आलो होतो. तीच पापणी अर्धा बोट ओढून आत बघावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात, हवं बारा. बाई म्हणाल्या, "ही मुलगी चालत इथपर्यंत आली हेच खूप आहे. आणि तुम्ही हिला पळवताय?"

मग त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. दाराला नुसता पडदा होता, त्यामुळे ऐकू यायचं ते आलंच. दर महिन्याला आठ-आठ, नऊ-नऊ दिवस अंगावरून जात होतं, दोन वर्षांपासून. बायको सांगत होती, "आमना घरमा बठ्ठीस्ले असंच ऱ्हास." माझ्या आईचं तसंच होतं, बहिणीचंही तसंच, म्हणून कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. बाईंचा आवाज चढला. सगळ्यांना असतं म्हणून ते बरं असतं असं नाही, असं त्या म्हणत होत्या. मी बाकावर बसून भिंतीवरच्या पोलिओच्या पोस्टरकडे बघत होतो आणि मला रडू येत होतं. घरात चार माणसं, आणि चौघांत मिळून सगळं माहीत होतं, फक्त ज्याचं त्याच्यापाशी तुकड्यातुकड्यानं.

आत बोलावल्यावर बाईंनी मला समजावलं. डोळ्यांखालचं काळं हा स्वतः काही रोग नाही. बहुतेकांचं ते घराण्याचं असतं, झोपेचं असतं, चोळण्याचं असतं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याच्याबरोबर दम लागत असेल, चक्कर येत असेल, ओठ आणि पापणी आतून फिकी पडली असेल, तर क्रीम शोधत बसायचं नाही, रक्त तपासायचं. रक्त कमी झालं की चेहरा पांढरा पडतो आणि मुळात असलेलं थोडंसं काळं दुप्पट दिसतं. मी मान हलवत होतो. माझ्याच धंद्यातली गोष्ट त्या मला सांगत होत्या.

पोरगी मात्र वेगळ्याच काळजीत होती. "मॅडम, तीन आठवड्यांनी ग्राउंड आहे."

"ग्राउंड पुढच्या वर्षीही असेल," बाई म्हणाल्या. "तीन महिने पळायचं नाही."

तिनं मैदानावर माझ्या शिव्या ऐकल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. तिथं मात्र ती ओक्साबोक्शी रडली. ते वर्ष तिचं गेलं. ज्या मुली तिच्या मागे पळायच्या त्यांतल्या दोघी भरती झाल्या आणि पेढे घेऊन आमच्याच घरी आल्या. तिनं पेढा खाल्ला, त्यांना मिठी मारली आणि आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढचं सगळं साधं होतं, पण चिकाटीचं. पाळीसाठी औषध, रक्तासाठी आधी सलाईनमधून लोह आणि मग गोळ्या. घरातली एक सवय मोडायला सगळ्यांत जड गेली. आमच्याकडे सकाळी चहात भाकर कुस्करून खातात. ती पळून आली की हेच खायची. बाईंनी सांगितलं होतं, जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, चहा तासाभरानं घ्या. माझी आई म्हणाली, चहा-भाकर खाऊन आम्ही जन्म काढला. मी म्हटलं, काढला खरा, पण धापा टाकत काढला. मग भाकरीबरोबर हिरवी भाजी, वरणावर लिंबू, दुपारी गूळ आणि फुटाणे. लिंबू तोंडाला चोळायचं नसतं, ताटात पिळायचं असतं, हे मी आता स्टुडिओत येणाऱ्या मुलींना सांगतो आणि त्या हसतात. मोबाईल मी पहिल्याच दिवशी परत दिला होता. तिनं तो घेऊन चार्जिंगला लावला.

चारेक महिन्यांनी ओठांना रंग आला. डोळ्यांखालचं बरंच निवळलं, पण सगळं गेलं नाही. एक तपकिरी छटा राहिलीच. मी उजेडात नेऊन बघत होतो, तेवढ्यात माझी आई पुढं आली आणि नातीची हनुवटी धरून म्हणाली, "हाई मन्हं शे. हाई ऱ्हाऊ द्या." आईच्या डोळ्यांखाली तीच छटा, त्याच जागी. कुठल्या काळ्याच्या मागं लागायचं आणि कुठलं सांभाळायचं, हे त्या दिवशी मला पुरतं समजलं. आता माझ्याकडे फिक्या चेहऱ्याची बाई आली की मी ब्रशच्या आधी आरसा देतो आणि म्हणतो, ताई, जरा पापणी ओढून बघा. काही जणी रागावतात. दोघीतिघी तपासून आल्या आणि त्यांना औषध सुरू झालं. धंदा माझा तोच आहे. काळं पुसून द्या म्हणाल तर आजही पुसून देतो, पण आधी बघतो.

गेल्या महिन्यात पुन्हा भरती निघाली. पोरगी आता आठशे मीटर पळून येते आणि वर सुभेदारांशी वादही घालते. ग्राउंड अजून व्हायचं आहे, पण मला खात्री आहे. फॉर्मला नवा फोटो हवा होता म्हणून ती स्टुडिओत आली. मी फोटो काढला, कॉम्प्युटरवर उघडला. ती शेजारी खुर्ची ओढून बसली. हात सवयीनं ब्रशवर गेला आणि मध्येच थांबला. तेव्हापासून मनात ठेवलेला प्रश्न मी त्या वेळी विचारला, कारण समोर स्क्रीन होती आणि तिच्याकडे बघावं लागत नव्हतं. म्हटलं, "तुला इतका त्रास होत होता, तर सांगितलं का नाहीस? मी ओरडेन म्हणून?"

"नही," ती म्हणाली. "दम लागे, डोयासमोर अंधारी ये. मंग तुमना काढेल फोटो देखू. फोटोमा मी चांगली दिसू. मले वाटनं, पप्पा रोज इतला लोकेस्ना डोया देखतस. मले काही व्हयेल ऱ्हातं, ते त्येस्ले पहिले दिसतं."

मी ब्रश बंद केला आणि म्हटलं, "माय, मन्ही चुकी व्हयनी. मैदानवरबी आनि आठे, या खुर्चीवरबी."

"ऱ्हाऊ द्या आते," ती म्हणाली आणि स्क्रीनकडे बोट केलं. "फोटो अपलोड करा पहिले. साईट बंद पडी जाई."

फोटो जसा होता तसा मी चढवला.